पाहुण्यांचं पाणी

तांबडदऱ्यात पाहुणा आला की त्याला पाणी कुठलं द्यायचं, हे कोणी कोणाला सांगत नाही. प्रत्येक घरात चुलीपासून लांब, थंड भिंतीला टेकून एक लहान घागर असते. तिच्या तोंडावर पितळी ताटली, ताटलीवर उपडा घातलेला तांब्या. त्या घागरीत बारवेचं पाणी. घरची माणसं रांजणातलं बोअरचं पाणी पितात, लेकरं हापशाला ओंजळ लावतात; ती घागर मात्र पाहुण्याची. तिला घरातलं कोणी हात लावत नाही.

बारव गावाच्या खाली, दऱ्याच्या पोटात आहे. वाट बकरीच्या पायाची. बारव म्हणायची तीही मानाने. खाली असतो तो नुसता पाझर. दगडाच्या फटीतून झिरपतो, आणि वाटीवाटीनं घागर भरावी लागते. पण ते पाणी गोड. बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ दुपारपर्यंत रटरटली तरी शिजत नाही, एक दाणा दुसऱ्याला ओळख देत नाही. अंगाला साबण लावला तर फेस येत नाही. आणि त्या पाण्यावर वाढलेल्या माणसाच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे चढतात, कितीही राखुंडी घासा, उतरत नाहीत. पाटोद्याच्या बाजारात कोणी मोकळ्या तोंडानं हसलं, तर बांगड्या भरणारा कासारसुद्धा मान वर न करता विचारतो, "तांबडदऱ्याचे का?"

म्हणून गावातल्या बाया हसताना तोंडाला पदर लावतात. परक्याला तो लाजरेपणा वाटतो.

बायनाबाई या गावात सून म्हणून आली तेव्हा बोअर नव्हतं, दोन आड होते. एका दुष्काळात आड आटले ते आटलेच. मग गाडी आली, बोअर पडलं, आणि पाणी उसळून धुरळ्यात पडलं तेव्हा पोरीबाळी त्याखाली नाचल्या. त्या पाण्याची ओटी बायनाबाईनं भरली होती. हळदकुंकू वाहिलं, नारळ ठेवला, लोखंडी पाइपाला हात जोडले. त्याच पाण्यावर तिनं पोरगा जालिंदर वाढवला, लेक दीपमाला वाढवली. आणि चाळिशी उलटली तशी तिची मान धरली. आधी मान, मग पाठीचा कणा, मग कंबर. मागून कोणी हाक मारली तर तिला नुसतं वळून बघता येत नसे. बैलगाडी वळवावी तशी ती सगळीच्या सगळी वळायची. लोक म्हणायचे, जन्मभर ओझी वाहिली, दुसरं काय होणार. तीही तसंच म्हणायची.

पण वाकली ती पाठ. ताठा होता तसाच होता. गावात तलाठी येवो, मास्तर येवो, सोयरीक बघायला कोणी येवो, पहिला चहा बायनाबाईच्या ओट्यावर. नवरा धोंडीराम अबोल माणूस, पाहुणा आला की घोंगडी झटकून टाकायची एवढंच त्याचं काम. बाकीचं सगळं बायनाबाईचं. सून मुक्ता नांदायला आली त्या दिवशीच तिनं तिला भिंतीजवळची घागर दाखवली होती. "भाकर नसंल तर नसंल. पर पाव्हण्याच्या घशाला आपलं बोअर लागू देयाचं न्हाई. गावाचं नाक हाय त्ये."

जालिंदर आणि मुक्ता दसरा झाला की ऊसतोडीला जायचे. खाली पश्चिमेकडे, कारखान्याच्या मुलखात. पहिली दोन वर्षं मुक्ताला लेकराची फार ओढ लागली, पण बायनाबाईनं नातीला सोडलं नाही. राजनंदिनीला तिनं दुधाच्या दातांपासून स्वतःजवळ ठेवलं. "माझ्या नातीच्या हातात कोयता येनार न्हाई. ती साळंत जाईल," असं ती ओट्यावर बसून चार माणसांत सांगायची, आणि सांगताना तिची न वळणारी मान आणखी ताठ व्हायची.

राजनंदिनी शाळेत जाऊ लागली. पण चालताना तिची पावलं जवळ यायची आणि गुडघे लांब जायचे. आधी वाटलं, अंग धरलं की सरळ होईल. अंग धरलं तसे पाय जास्तच बाहेर वाकले. शाळेतली पोरं तिला 'धनुकली' म्हणू लागली. ती रडत घरी यायची आणि बायनाबाई काठी घेऊन शाळेपर्यंत जायची. एकदा अशीच उन्हातून आली आणि पाहुण्याच्या घागरीत तांब्या बुडवून घटाघटा प्यायली. बायनाबाईनं तिच्या पाठीत धपाटा घातला. "रांजन दिसत न्हाई का? पाव्हणी हायस का तू?"

माघात थंडी ओसरत होती तेव्हा घाटाच्या पायथ्याशी एक जीप थांबली. शहरातल्या विद्यापीठाची माणसं होती. पुढं ज्योत्स्ना नावाची तरुण डॉक्टरीण. पायात कापडी बूट, पाठीवर पिशवी, चढून आल्यानं तोंड लाल झालेलं. गावातली आशाताई स्वप्नाली त्यांना घेऊन थेट बायनाबाईच्या ओट्यावर आली. दुसरीकडे कुठं नेणार?

घोंगडी पडली. तांब्या आला. ज्योत्स्ना पाणी प्यायली आणि तिनं तांब्याकडेच पाहिलं.

"आजी, किती गोड पाणी आहे हो तुमचं!"

"आमच्या गावचं हाय, बाई," बायनाबाई म्हणाली. खोटं बोलली नाही ती. बारव गावचीच होती.

ज्योत्स्नानं काम समजावून सांगितलं. जिल्ह्यातली पुष्कळ गावं घेतली आहेत. काही ठिकाणच्या जमिनीतल्या पाण्यात फ्लोराइड नावाचा क्षार जास्त असतो, त्यानं दात आणि हाडं बिघडतात. कुठल्या गावाला त्रास आहे हे एकदा नीट कळलं की सरकार त्या गावांना धरणाचं शुद्ध पाणी नळानं देणार आहे. "आधीचे लोक विहिरीचं, बोअरचं पाणी तपासून जायचे. आम्ही तसं नाही करत. माणूस बोअरजवळ राहतो म्हणून बोअरचंच पितो असं नाही ना? आम्ही घरात पितात ते पाणी घेतो. तुम्ही रोज पिता ना आजी, तेच द्या."

आणि तिनं एक स्वच्छ, कोरी, काचेसारखी लखलखीत बाटली बायनाबाईच्या हातात दिली.

बायनाबाई आत गेली. दाराशी रांजण होता. त्याच्या पाण्यावर पांढरट साय धरली होती, रोजच धरायची. तिनं वाटीनं साय बाजूला सारली, बाटलीचं तोंड पाण्याजवळ नेलं, आणि तिचा हात थांबला. हे पाणी घेऊन बाहेर जायचं? शिकलेली बाई, लांबून आलेली, घाट चढून आलेली. तिच्या हातात हे द्यायचं, आणि ती ते उजेडात धरून बघणार, चार ठिकाणी दाखवणार, की हे तांबडदऱ्याच्या बायनाबाईच्या घरचं पाणी? पोरगी दाखवायला बसवताना कोणी तिला शेणाच्या हातांनी बसवतं का? तोंड धुतो, नवं लुगडं नेसवतो, मगच पाटावर बसवतो.

ती भिंतीजवळच्या घागरीकडे वळली. सगळीच्या सगळी वळली.

मग ती पाहुण्यांसोबत घरोघर हिंडली, कारण पाहुण्यांना गाव दाखवायचं काम तिचंच. प्रत्येक दारात आधी तीच बोलायची. "पाव्हणं आलेत गं. पानी द्या नीट." शेजारची जाईबाई बाटली घेऊन आत गेली आणि पडद्याआडून हळूच म्हणाली, "आक्का, रांजनातलं का घागरीतलं?"

"पाव्हणं कोन हायत?"

"कळलं," जाईबाई म्हणाली.

संध्याकाळी जीपमध्ये बाटल्यांचं खोकं चढलं. सगळ्या बाटल्या एकासारख्या एक, नितळ. दिवेलागणीच्या उजेडात त्या चमकत होत्या आणि बायनाबाईला वाटलं, गाव कसं छान नटून बसलंय.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या अंगणात लेकरांची तपासणी झाली. दात बघितले, मनगटं बघितली. राजनंदिनीची पाळी आली तेव्हा ज्योत्स्नानं तिला टाचा जुळवून उभं केलं. टाचा जुळल्या, आणि दोन गुडघ्यांच्या मधून पलीकडे बसलेलं कुत्रं दिसलं. पोरं हसली. ज्योत्स्ना हसली नाही. तिनं गुडघ्यांमध्ये पट्टी धरली, पाय दाबून बघितले आणि बायनाबाईला बाजूला बोलावलं.

"आजी, ही कुठलं पाणी पिते?"

"घरचंच की."

"हे पाण्यानंच झालेलं दिसतंय. पण अजून लहान आहे, हाडं कोवळी आहेत. आता पाणी बदललं, दूध-अंडी मिळाली, तर पाय बरेच सुधारतील. उशीर झाला तर मात्र हाडं तशीच पक्की होतील. मग तिची पाठसुद्धा..." ती बायनाबाईच्या पाठीकडे पाहून थांबली.

म्हणजे पाठ ओझ्यानं वाकली नव्हती. ओटी भरलेल्या त्या पाइपानं तिचा कणा गिळला होता, आणि आता नातीचे पाय धरले होते. आणि बाटल्यांत काय गेलंय नि हे पाय कशानं वाकलेत, या दोन्ही गोष्टी त्या अंगणात एकटीला तिलाच ठाऊक होत्या.

बोलायचं ते तिच्या ओठांवर आलं. पण सरपंच अमरसिंह खुर्ची टाकून बसला होता, मास्तर होते, निम्मं गाव भिंतीला टेकून उभं होतं. त्यांच्यादेखत काय म्हणायचं? बाई, आम्ही तुला फसवलं? आमच्या घरातलं खरं पाणी दाखवायची आम्हाला लाज वाटली? तिनं स्वतःची समजूत घातली. एवढं मोठं विद्यापीठ. एवढ्या मशिनी. माणसाच्या पोटातलं कळतं त्यांना, मग पाणी कुठलं हे कळणार नाही का? कळंलच. आपण आपलं तोंड कशाला उघडायचं?

"मंग बाई, नळ कधी येईल?" एवढंच तिनं विचारलं.

"अहवाल झाला की," ज्योत्स्ना म्हणाली.

त्या दिवसापासून बायनाबाई बारवेचं पाणी राजनंदिनीला देऊ लागली. गुपचूप, कोणाला न सांगता. पण शाळेत ती हापशाचंच प्यायची, भाकरीचं पीठ बोअरच्याच पाण्यात मळायचं, आणि वैशाखात पाझर इतका बारीक झाला की वाटीभरासाठी ताटकळावं लागे. नळ येईल, या एका गोष्टीवर बायनाबाईनं उन्हाळा काढला. जालिंदर आणि मुक्ता फडावरून आली, तेव्हा तिनं त्यांनाही तेच सांगितलं. "पोरीचे पाय सुदरनार हायत. डॉक्टरनीनं सांगितलंय. नळ येऊ द्या."

पंधरा ऑगस्टला झेंडा झाला, जिलेबी वाटली आणि तिथंच ग्रामसभा बसली. अमरसिंहानं मोबाइल डोळ्यांपुढं धरला आणि मोठ्यानं वाचलं. तांबडदरा गावातल्या पिण्याच्या पाण्यात दोष नाही. पाणी सुरक्षित.

मग कोणीतरी टाळी वाजवली आणि सगळ्यांनी वाजवली. गाव पास झालं होतं. आजवर कशातच पास न झालेलं गाव. एक म्हातारा तर तोंड भरून हसला, सगळे पट्टेदार दात दाखवून.

मुक्तानं टाळी वाजवली नाही. तिनं जालिंदरला कोपरानं ढोसलं. जालिंदर उठला. "सरपंच, पानी चांगलं हाय तर माझ्या पोरीच्या पायाला काय झालं?"

"त्येबी लिहिलंय." अमरसिंहानं बोटानं पडदा वर सरकवला. "लेकरांच्या दातांत, हाडांत दोष हाय. पर गावातले लोक ऊसतोडीला जातेत. सहा-सहा महिने लेकरं तिकडंच. तिकडच्या पान्यानं झालं असंल, असं म्हनतेत."

"पर माझी पोर कधी फडात गेलीच न्हाई! उसाचं कांडं खाल्लंय तिनं, फड बघितला न्हाई!"

"सगळ्या गावाचं मिळून लिहितेत बे. तुझ्या एकट्या पोरीचं लिहितेत का?"

लोक हसले. जालिंदर खाली बसला.

कळायचं ते गावाला हळूहळू कळलं. शेजारच्या भोजवाडीचं पाणी नापास झालं होतं. भोजवाडीला बारव नव्हती. त्यांच्याकडे पाहुण्याला द्यायला वेगळं पाणीच नव्हतं, म्हणून त्यांनी होतं ते दिलं. आता तिथं धरणाचा नळ येणार होता. पोळा झाला आणि तांबडदऱ्याच्या शिवेवरून चर खणायला यंत्र आलं. निळे पाइप रस्त्याच्या कडेनं मांडले गेले. ते गावाच्या वेशीपाशी यायचे आणि वळसा घेऊन पुढं जायचे.

त्या पाइपांकडे बघताना बायनाबाईचा मशिनीवरचा विश्वास मेला. तिनं स्वप्नालीला घरी बोलावून सांगितलं, "फोन लाव त्या बाईला." स्वप्नालीनं लावला. बायनाबाईनं फोन दोन्ही हातांनी धरला आणि वाड्याच्या पल्याड ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलली, कारण शहर लांब होतं. "बाई, त्या बाटल्यांत बारवंचं पानी व्हतं. समद्या घरांनी बारवंचंच दिलं. म्या सांगितलं व्हतं."

"मी येते," ज्योत्स्ना पलीकडून म्हणाली. आणि मागं, परसात भांडी घासत असलेली मुक्ता हातातली राख तशीच ठेवून उठली.

ज्योत्स्ना आली. या वेळी घोंगडीवर बसली नाही. "आजी, मी विचारलं होतं तुम्हाला. रोज पिता तेच द्या, म्हणाले होते."

"व्हय. म्हनली व्हतीस."

"मग?"

"तू पाव्हणी व्हतीस," बायनाबाई म्हणाली.

ज्योत्स्नाच्या डोळ्यांत पाणी आलं. रागाचं की कशाचं, सांगता येत नाही. तिनं स्वतः बोअरची बाटली भरली. पंधरवड्यात कळलं की ते पाणी भोजवाडीपेक्षाही वाईट आहे. मग ती, अमरसिंह आणि बायनाबाई बीडच्या कचेरीत गेली. बायनाबाईनं राजनंदिनीला बरोबर नेलं. साहेबांनी बसायला खुर्च्या दिल्या, सगळं नीट ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता.

"मॅडम, अहवाल तुमच्याच विद्यापीठाचा आहे," तो म्हणाला. "आजवर नळ कुठं न्यायचा हे पुढारी ठरवायचे. या खेपेला पहिल्यांदाच आम्ही कोणाचं न ऐकता अहवालाचं ऐकलं. संशोधनावर धोरण ठरवा, असं तुम्हीच सांगता. यादी मंजूर झाली, निधी वाटला गेला. आता एका बाटलीवरून ती फिरवली, तर उद्या प्रत्येक गाव नवीन बाटली घेऊन येईल."

"पण आमचीच चूक झाली आहे. आम्ही दुरुस्ती छापतोय."

"जरूर छापा. पुढच्या टप्प्यात पुन्हा पाहणी होईल, तेव्हा बघू."

"पुढचा टप्पा कधी?"

"दोन-तीन वर्षं धरा."

बायनाबाईनं नातीला पुढं केलं. "हिला उभी कर, सायेब. टाचा जुळीव गं."

राजनंदिनीनं टाचा जुळवल्या. साहेबांनी पाहिलं आणि मान खाली घातली. "आजी, माझ्या हातात असतं तर..."

बाहेर आल्यावर अमरसिंह जिन्यातच फुटला. "काकू, गावाला पास तुमी केलं. आता वर्सानुवर्सं पासच ऱ्हानार आमी! तुमच्या त्या पाव्हणचारापायी!" ज्योत्स्ना म्हणाली, "त्यांना बोलू नका. विचारायची पद्धत आमची चुकली." पण ती शहराची बाई. तिचं गावात कोण ऐकणार?

ओटा ओस पडला. पाणी देताना घागरीतलं दिलं ते सगळ्यांनीच, पण सांगणारी बायनाबाई होती, म्हणून पाप तिच्या नावावर. हापशावर ती आली की बाया बोलायच्या थांबत. जाईबाई तेवढी बोलायची, तीही दुसरीकडे बघत. आणि आता प्रत्येक आईला आपल्या लेकराच्या पायांकडे नजर टाकायची सवय लागली होती, त्यामुळे बारवेवर झुंबड उडाली. पाझर तेवढाच आणि घागरी गावभरच्या. दुपारपर्यंत तळचा गाळ वर यायचा. वाटीवरून हाणामारी व्हायची. भादव्याच्या रिपरिपीत बायनाबाई पहाटे पुढं जायची म्हणून त्या वाटेनं उतरली आणि निसरड्यावरून घसरली. आखडलेली पाठ घेऊन ती दगडावर आदळली. घागर दऱ्यात गेली. तिला खाटेवर घालून वर आणलं. हाड मोडलं नाही, पण पुन्हा दरी उतरणं संपलं.

मुक्ता तिचं सगळं करायची. अंग चेपायची, भाकरी कुस्करून द्यायची. बोलायची मात्र नाही. एकदाच बोलली. तेल लावताना, हात न थांबवता.

"म्या माझी पोर तुमच्यापाशी ठिवली. फडात वनवास नगं म्हनून. तिथं माझ्या ऊराला दूध दाटायचं, कोयता चालवताना लुगडं भिजायचं. म्या म्हनलं, असू दे, पोर घरात हाय, आजीपाशी हाय. आन् तुमी तिला तहान लागली तर मारत व्हता."

बायनाबाईनं डोळे मिटले. मान फिरवता येत नव्हती.

दसऱ्याची पानं वाटून झाली आणि मुकादमाचा ट्रक घाटात येऊन थांबला. चुली, गोधड्या, पत्र्याच्या पेट्या, कोंबड्या चढल्या. जालिंदर वर उभा राहून सामान घेत होता. मुक्तानं राजनंदिनीचं दप्तर खुंटीला तसंच ठेवलं आणि तिचे कपडे फडक्यात बांधले.

धोंडीराम उभा राहिला. जन्मात सुनेला उलटून न बोललेला माणूस. "पोरीला कावून नेतीस, मुक्ता? साळा हाय तिची."

"तिथं कॅनॉल हाय, मामा. पानी ग्वाड हाय." मुक्तानं गाठ आवळली. "साळा शिकून उभं ऱ्हायाला पाय लागतेत."

बायनाबाई काठीवर दोन्ही हात ठेवून ओट्यावर बसली होती. इतकी वर्षं जिच्या हातात कोयता येऊ नये म्हणून ती गावाशी, सुनेशी, स्वतःच्या पोराशी भांडली होती, ती पोरगी आनंदात होती. ट्रकात बसायला मिळणार होतं. डुलत डुलत आली, आजीच्या पायाला हात लावला. बायनाबाईनं तिच्या गालावरून बोटं फिरवून स्वतःच्या कानशिलावर मोडली.

"खोपीतच ऱ्हा. उसात जाऊ नगं. पाचटीत साप असतेत."

"आय म्हनली, मोळ्या बांदायच्या हायत."

"नगं बांदूस."

"मंग काय करू दिसभर?"

बायनाबाई म्हणाली, "पानी पी."

जालिंदरनं पोरीला बगलेत धरून वर ओढलं. ट्रक सुरू झाला. घाटाच्या पहिल्या वळणावर निळ्या पाइपांचा ढीग होता, त्याच्या कडेनं तो खाली उतरला. धुरळा बराच वेळ वर तरंगत राहिला, मग तोही भोजवाडीच्या बाजूला गेला.

जाईबाई रिकामी घागर काखेत घेऊन ओट्यापाशी थांबली. किती दिवसांनी ती आज बायनाबाईच्या तोंडाकडे बघत होती.

"गेली का आक्का, पोरगी?"

"गेली."

"मला बी मुक्ताला इचारायचं व्हतं. आमच्या धाकटीला न्हेतीस का म्हनून. तिचे बी पाय..." जाईबाईनं घागर या काखेतून त्या काखेत घेतली. "तोंड झालं न्हाई माझं."

बायनाबाई काठीच्या आधारानं उठली. पायरी उतरायला तिला धरावं लागलं, जाईबाईनं धरलं.

"चल," बायनाबाई म्हणाली. "वरल्या आळीचा ट्रक उंद्या निघायचाय. त्यात जागा हाय का, बगू."